मनी वसे ते स्वप्नी दिसे, पण वेश बदलून: आठवणी, सुप्त मन आणि स्वप्नांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मानसशास्त्र शिकवते. स्मरणशक्तीचा धडा आला की वर्गात कुणीतरी हमखास हात वर करतं आणि गाडी स्वप्नांवर येते. तास संपल्यावर, बाकीचे निघून गेले की दाराशी थांबून हळू आवाजात विचारलेले प्रश्न आणखी निराळे असतात. दरवर्षी पुन्हापुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

स्वप्नात दिसणाऱ्या गोष्टी येतात तरी कुठून?

तुमच्याच आठवणींतून. स्वप्नाकडे दुसरं भांडवलच नाही. मात्र या आठवणी अखंड येत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी येतात. झोपेचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये २९ जणांकडून झोपेतल्या अनुभवांच्या २९९ नोंदी घेतल्या. त्यातल्या ६५ टक्के नोंदींमध्ये जागेपणीच्या ताज्या अनुभवाचा काही ना काही अंश सापडला. पण घडलेला प्रसंग तसाच्या तसा, म्हणजे तीच जागा, तीच माणसं, तोच क्रम, असं फक्त १ ते २ टक्के वेळा आढळलं.

हे कसं घडतं ते माझ्याच एका स्वप्नावरून सांगते. आजोबांचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला द्यायला मी शाळेच्या वाचनालयात गेले आहे. काउंटरमागे एक बाई बसल्या आहेत, समोर हिरव्या शाईची दौत. त्या म्हणतात, "पावती दाखवा." मी पावती शोधायला पिशवीत हात घालते तर पिशवीतून पाणी गळायला लागतं. पाणी थांबेना, मागे रांग वाढत चाललेली, आणि माझ्या पोटात खड्डा.

सकाळी एकेक धागा उसवत गेले. आदल्या दिवशी बाटलीचं झाकण सैल राहून पिशवीतले कागद भिजले होते. सहा दिवसांपूर्वी एका दुकानात पावती नाही म्हणून मला परत पाठवलं होतं. आजोबांचा फोटो दोन दिवसांपूर्वी जुन्या अल्बमात दिसला होता आणि त्यात त्यांच्या हातात ते घड्याळ होतं. वाचनालय मात्र फार जुनं. बारा वर्षांची असताना तिथलं एक पुस्तक माझ्याकडून हरवलं आणि मी तीन आठवडे ते सांगायचं टाळत राहिले. आता हे चार तुकडे एकत्र कसे आले? स्वप्न पडलं त्या आठवड्यात उत्तरपत्रिका तपासून द्यायची तारीख उलटून गेली होती आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. "आपल्या हातून काहीतरी राहिलंय, आता जाब द्यावा लागणार" ही एकच भावना चारही तुकड्यांत होती. दोरा भावनेचा, मणी आठवणींचे. मनी वसे ते स्वप्नी दिसे ही म्हण खरीच आहे, फक्त मनी वसते ती भावना आणि स्वप्नी दिसते ते सोंग.

मग आठवण सरळसरळ का दिसत नाही? एवढा गोंधळ कशासाठी?

कारण झोपलेला मेंदू जागेपणीच्या शिस्तीने चालत नाही. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की झोपेत ठरावीक काळाने मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात. या झोपेला रेम, म्हणजे 'रॅपिड आय मूव्हमेंट' झोप म्हणतात. साधारण दर ९० मिनिटांनी ती येते, मोठ्या माणसाच्या झोपेचा २० ते २५ टक्के भाग व्यापते आणि पहाटेकडे तिचे टप्पे लांबत जातात. स्वप्नं बाकीच्या झोपेतही पडतात, पण लांबलचक, रंगीत, कथा असलेली बहुतेक स्वप्नं या काळातली.

या वेळी मेंदूच्या भावनिक भागात, विशेषतः अमिग्डलामध्ये, मोठी हालचाल असते. कपाळामागचा जो भाग तर्क लावतो, "हे कसं शक्य आहे?" असं विचारतो, त्याची बाहेरची बाजू मात्र मंदावलेली असते. म्हणून वाचनालयात घड्याळ दुरुस्त होतं यात स्वप्नात काहीच खटकत नाही. शिवाय नॉरअ‍ॅड्रेनालिन हे सावध ठेवणारं रसायन रेम झोपेत जवळजवळ बंद पडतं आणि अ‍ॅसिटिलकोलिन हे दुसरं रसायन भरपूर असतं. लक्ष एका जागी धरून ठेवणारं कुणी नाही आणि एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं आठवणं मोकाट सुटलेलं, अशी ती अवस्था आहे.

आणखी एक गोष्ट. आठवणीची "कुठे, कधी, कोणाबरोबर" ही मोट बांधून ठेवण्याचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस करतो. चेहरा, आवाज, जागा, वास यांच्या नोंदी मेंदूच्या बाहेरच्या आवरणात विखुरलेल्या असतात. रेम झोपेत हिप्पोकॅम्पसकडून या आवरणाकडे जाणारा माहितीचा ओघ आटतो, असा अनेक संशोधकांचा तर्क आहे. मोट सुटते, सामान तेवढं हाती राहतं. मग आजोबांचं घड्याळ आहे पण आजोबा नाहीत, असं होतं.

सुप्त मन म्हणजे नक्की काय? मेंदूत त्याची जागा कोणती?

एक जागा नाही. बोलताना आपण सुप्त मन, अंतर्मन, अबोध मन, नेणीव हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, आणि रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. त्यामागची साधी गोष्ट अशी, की मेंदूचं बरंचसं काम आपल्या जाणिवेबाहेर चालतं. सायकलचा तोल कसा सांभाळता ते तुम्हाला सांगता येणार नाही, पण पायांना येतं. एखाद्या माणसाशी बोलताना कारण नसताना अवघडल्यासारखं होतं. कारण असतं, फक्त ते आठवणीच्या रूपात समोर येत नाही.

स्वप्न या जाणिवेबाहेरच्या आठवणीतून तयार होऊ शकतं याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा २००० सालचा आहे. स्टिकगोल्ड यांनी काही जणांना टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे रचण्याचा खेळ तासन्‌तास खेळायला लावला. त्यात पाच जण असे होते की हिप्पोकॅम्पसला इजा झाल्यामुळे त्यांच्या नव्या आठवणी टिकतच नव्हत्या. रोज खेळ नव्याने समजावून सांगावा लागे. आपण कधी असा खेळ खेळलो हेसुद्धा त्यांना सांगता येत नव्हतं. तरी झोप लागता लागता काय दिसतंय असं विचारल्यावर त्यातल्या तिघांनी पडणारे, फिरणारे आकार दिसल्याचं सांगितलं. ज्याची आठवण नाही ते डोळ्यांसमोर आलं! सुप्त मन या शब्दाला इतका स्वच्छ आधार मला दुसरीकडे सापडलेला नाही.

फ्रॉइडचं म्हणणं खोटं ठरलं का?

काही ठरलं, काही टिकलं. सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नांवरचा ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात बाहेर आला, त्यावर साल मात्र १९०० छापलं होतं. आदल्या दिवसाचे अवशेष स्वप्नात शिरतात, हे त्यांचं निरीक्षण आजही खरं आहे. प्रत्येक स्वप्नाच्या तळाशी दडपलेली इच्छा असते आणि आतला एक पहारेकरी तिला मुद्दाम वेश बदलायला लावतो, हा भाग मात्र तपासणीत उभा राहिला नाही. १९७७ मध्ये अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली दुसऱ्या टोकाला गेले: मेंदूच्या बुंध्यातून विस्कळीत संदेश येतात आणि वरचा मेंदू त्यांची जमेल तशी गोष्ट करतो, एवढंच स्वप्न. त्यालाही पुढे मुरड घालावी लागली, कारण बुंधा शाबूत असूनही मेंदूच्या पुढच्या भागातल्या इजेमुळे स्वप्नं थांबलेले रुग्ण मार्क सोल्म्स यांनी दाखवले.

माझं मत विचाराल तर, स्वप्नाचा वेश फ्रॉइडना दिसला तो बरोबर दिसला. तो घालायला लावणारा पहारेकरी मात्र कुणी नाही. मेंदू सारख्या भावनेच्या आठवणी शेजारीशेजारी आणून ठेवतो, तेवढ्यानेच वेश तयार होतो.

झोपेत आठवणी पक्क्या होतात म्हणतात. त्यात स्वप्नाचं काम काय?

झोपेचं काम नक्की आहे. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचे विजेचे संकेत टिपले. दिवसा उंदीर फिरताना ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या, त्याच नंतर शांत झोपेतही एकत्र जाग्या झाल्या. दिवसाची उजळणीच म्हणा.

स्वप्न म्हणजे हीच उजळणी का, हा पुढचा आणि अवघड प्रश्न. २०१० मध्ये एरिन वॅम्सली आणि स्टिकगोल्ड यांनी माणसांना संगणकावरचा एक चक्रव्यूह शिकवला आणि मग काहींना डुलकी काढू दिली. झोपेत ज्यांना त्या कामाशी संबंधित काही दिसलं, असे फक्त चार जण निघाले. पण नंतरच्या चाचणीत त्यांची प्रगती बाकीच्या झोपलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. गंमत पुढेच आहे. त्यांना चक्रव्यूहाचा नकाशा दिसला नव्हता. एकाला खेळातलं संगीत ऐकू आलं, एकाला पूर्वी पाहिलेल्या वटवाघळांच्या गुहा आठवल्या, ज्या चक्रव्यूहासारख्याच वळणावळणाच्या होत्या. म्हणजे मेंदू नवी गोष्ट जुन्या ओळखीच्या शेजारी नेऊन ठेवत होता. स्वप्नाने शिकवलं, असं यावरून म्हणता येत नाही. खोलवर काम चालू होतं आणि स्वप्न ही त्या कामाची वर आलेली वाफ, असं मी वर्गात सांगते.

कालचं आज दिसतं, पण कधी आठवड्यापूर्वीचं काहीतरी अचानक का येतं?

ही नुसती तुमची समजूत नाही. आदल्या एक-दोन दिवसांचे तुकडे स्वप्नात जास्त येतात, मग मधले दिवस ओसरतात आणि पाच ते सात दिवसांपूर्वीचं पुन्हा डोकं वर काढतं. टोरे नीलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून याचा पाठपुरावा केला आहे. नवी आठवण हिप्पोकॅम्पसकडून मेंदूच्या आवरणात मुरायला काही दिवस लागतात, त्याच्याशी याचा संबंध जोडतात. माझ्या स्वप्नातली पावती सहाव्या दिवसाची होती, ते बघा.

परीक्षा संपून वीस वर्षं झाली. अजून पेपर कोरा राहिल्याची स्वप्नं का पडतात?

हा प्रश्न मला पन्नाशीच्या माणसांनीही विचारला आहे, आणि विचारताना त्यांचा आवाज थोडा कमी होतो. संकोचायचं कारण नाही. दहावी-बारावीच्या वयात पहिल्यांदाच आपल्याला सगळ्यांसमोर मोजलं जातं. घड्याळ चालू असतं, शेजारचा भराभर लिहीत असतो, आपल्याला प्रश्नच कळत नाही. ती भीती इतकी घट्ट कोरली जाते की पुढे आयुष्यात मोजलं जाण्याची कुठलीही वेळ आली की मेंदू तोच साचा बाहेर काढतो. नवी नोकरी असो, डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्यांचा निकाल असो, मुलीच्या लग्नाची बोलणी असोत. स्वप्नात सगळ्याचं परीक्षागृहच होतं. तेव्हा असं स्वप्न पडलं की तेव्हाच्या परीक्षेचा विचार सोडा आणि आत्ता कोण आपल्याला तोलतंय असं वाटतंय ते बघा.

जे विसरायचं ठरवतो नेमकं तेच स्वप्नात येतं. असं का?

ठरवता म्हणून. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना "पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका" असं सांगितलं आणि अस्वल डोक्यातून जाईना. २००४ मध्ये त्यांनी हेच झोपेला लावून पाहिलं. झोपण्यापूर्वी एका ठरावीक व्यक्तीचा विचार दाबून धरायला सांगितलेल्यांना तीच व्यक्ती स्वप्नात जास्त दिसली. विचार दाबायचा तर तो येतोय का यावर पहारा ठेवावा लागतो, आणि पहारा ठेवणाऱ्याला चोराचा चेहरा सतत आठवत राहावा लागतो. झोपेत दाबणारा हात सैल पडतो. म्हणून झोपताना डोक्यात काही घोळत असेल तर ते चार ओळींत कागदावर उतरवून मग दिवा मालवा. दाबण्यापेक्षा ते बरं.

गेलेलं माणूस स्वप्नात येतं, बोलतं. ते खरंच येतं का?

दाराशी थांबून सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. एका विद्यार्थ्याची आई गेल्याला चार महिने झाले होते. स्वप्नात ती रोजच्यासारखी खोलीच्या दारात येई आणि म्हणे, "दिवा बंद कर आता, किती वाजलेत." बाकी काही नाही. तो म्हणाला, "मॅडम, तिला माहीत नाही का, ती गेली आहे ते?"

मी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. आई दारात येऊन दिवा बंद करायला सांगते, हे त्याच्या मेंदूने हजारो रात्री अनुभवलेलं. त्याचा कुठला एक प्रसंग आठवणार नाही, इतकं ते हाडीमाशी मुरलेलं. आई गेली ही बातमी मात्र एकदाच घडलेली, नवी, ताजी. ती जाणिवेला कळली आहे. त्या हजारो रात्रींच्या ठशाला ती अजून कळायची आहे. स्वप्नात तो ठसा बोलतो, आणि तिथे आई अजून दारात उभी आहे. माहीत नव्हतं ते आईला नव्हे, त्याच्याच आतल्या जुन्या आठवणीला.

पहिल्या काही महिन्यांत अशी स्वप्नं कधी फार दुखवतात. जाग येते आणि माणूस पुन्हा एकदा जातं. पुढेपुढे त्यांचा सूर बदलतो असं अनेक जण सांगतात. गेलेलं माणूस आजारी न दिसता धडधाकट दिसतं, कधी नुसतं शेजारी बसतं. श्रद्धेने कुणी त्याला भेट म्हणत असेल तर त्यांच्याशी वाद घालायला मी जात नाही. आठवणीतून ते माणूस आलं एवढं मला सांगता येतं, आणि आठवणीत येणं ही काही लहान गोष्ट नाही.

स्वप्नात अनोळखी चेहरेही दिसतात. ते कधीतरी पाहिलेलेच असतात का?

"मेंदू नवा चेहरा घडवू शकत नाही" हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण ते कुणी सिद्ध केलेलं नाही. एकाचं नाक, दुसऱ्याचा आवाज, तिसऱ्याची चाल असं मिळून स्वप्नातलं माणूस सहज तयार होऊ शकतं. माझ्या स्वप्नातल्या काउंटरवरच्या बाई तशाच होत्या.

जन्मापासून दृष्टी नसलेल्यांना स्वप्नं पडतात का?

पडतात, आणि ती आवाज, स्पर्श, वास, चव आणि अंगाच्या हालचालींनी भरलेली असतात. साधारण पाच वर्षांच्या आत दृष्टी गेली तर स्वप्नात सहसा चित्रं नसतात. सात वर्षांनंतर गेली तर बहुधा असतात. जितका ऐवज साठला, तितकाच स्वप्नाच्या हाती लागतो.

मला स्वप्नंच पडत नाहीत. आणि पडलीच तर दात घासेपर्यंत विसरतात.

दोन्ही एकच तक्रार आहे. रेम झोपेतून मुद्दाम उठवलं तर साधारण ८० टक्के वेळा लोक स्वप्न सांगतात, असं विल्यम डेमेंट आणि क्लाइटमन यांना १९५७ मध्ये आढळलं. तेव्हा पडतं सगळ्यांना, मेंदूच्या क्वचित होणाऱ्या इजांचा अपवाद सोडला तर. टिकत नाही, कारण आठवण कोरायला लागणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन त्या वेळी हजर नसतं. उंदरांवरच्या २०१९ मधल्या एका संशोधनात रेम झोपेत चालू असणाऱ्या काही पेशी हिप्पोकॅम्पसला विसरायला मदत करतात असंही दिसलं. मला हे उपकारच वाटतात. स्वप्नातली भांडणं खऱ्या भांडणांइतकीच लख्ख लक्षात राहिली असती तर घरात राहणं कठीण झालं असतं.

झोपेत बाहेरचे आवाज, गारवा, भूक हेही स्वप्नात शिरतं का?

शिरतं, आणि शिरताना तेही वेश बदलतं. डेमेंट आणि एडवर्ड वोलपर्ट यांनी १९५८ मध्ये झोपलेल्यांच्या अंगावर पाण्याचा फवारा मारून पाहिला. बऱ्याच जणांच्या स्वप्नात पाऊस किंवा गळणारं छप्पर आलं, बऱ्याच जणांना काहीच कळलं नाही.

स्वप्नांचे अर्थ सांगणाऱ्या याद्या खऱ्या असतात का? साप दिसला तर काय, दात पडले तर काय?

नाही. इतकं सगळं सांगितल्यावर कारणही तुमच्या लक्षात आलं असेल. साप पकडणाऱ्याच्या आठवणीतला साप वेगळा, लहानपणी सापाच्या वाटेवरून पळालेल्या मुलीचा वेगळा, आणि ज्याने तो फक्त पडद्यावर पाहिला त्याचा वेगळा. तिघांना एक अर्थ कसा लागू होईल? या याद्यांनी लोकांच्या झोपा उडवलेल्या मी पाहिल्या आहेत. एका मुलीला दात पडल्याचं स्वप्न पडलं आणि घरात कुणीतरी जाणार म्हणून ती आठवडाभर रोज दोनदा आजीला फोन करत होती. तिला विचारलं तेव्हा कळलं, झोपेत ती दात करकचून आवळायची आणि सकाळी जबडा दुखायचा.

चिन्हाच्या मागे लागू नका. स्वप्नात नेमकं कसं वाटलं आणि तसंच जागेपणी हल्ली कधी वाटलं, एवढं विचारा. उत्तर सापडलं तर ते तुम्हालाच सापडेल, कारण आठवणी तुमच्या आहेत.

मग खरी ठरलेली स्वप्नं?

रोज रात्री अनेक स्वप्नं पडतात, त्यातली जुळलेली लक्षात राहतात आणि न जुळलेली हवेत विरतात. शिवाय मनात आधीच असलेली शंका स्वप्नात दिसते आणि पुढे ती शंकाच खरी ठरते. आजारी माणसाची काळजी आपल्याला असतेच.

झोपेत प्रश्नाचं उत्तर सुचतं, हे तरी खरं ना?

कधीकधी. औषधशास्त्रज्ञ ऑटो लोवी यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. एक मज्जातंतू दुसऱ्याला निरोप विजेने देतो की रसायनाने, हा प्रश्न होता. १९२० मधल्या एका रात्री प्रयोगाची कल्पना घेऊन ते जागे झाले, कागदावर खरडली आणि झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीन वाजता कल्पना पुन्हा आली, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकांच्या दोन हृदयांवरचा तो प्रयोग यशस्वी झाला आणि १९३६ मध्ये नोबेल मिळालं.

याचा एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. लोवींनी स्वतःच नमूद केलं होतं की १९०३ मध्ये एका सहकाऱ्याशी बोलताना हीच रासायनिक निरोपाची कल्पना त्यांच्या मनात येऊन गेली होती आणि पुढे ती विसरली गेली. सतरा वर्षं ती आत पडून होती. स्वप्नाने तिला एका ताज्या प्रयोगाच्या पद्धतीशेजारी आणून ठेवलं. आधी काही साठवलेलं असेल तरच झोप त्याची जुळवाजुळव करते.

झोपताना ध्वनिफिती लावून सुप्त मनात काही भरता येतं का?

नवी भाषा, पाढे, पुस्तकं, नाही. जागेपणी शिकलेलं थोडं घट्ट करता येतं. ब्योर्न राश आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवण्याच्या खेळावेळी लोकांना गुलाबाचा वास दिला आणि रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला. सकाळी त्यांना जोड्यांच्या जागा जास्त आठवल्या. रेम झोपेत दिलेल्या वासाचा मात्र उपयोग झाला नाही.

आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच कळू शकतं का?

काहींना कळतं. २०२१ मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून अशा झोपलेल्या माणसांना आठातून सहा वजा करा यासारखे प्रश्न विचारले आणि काहींनी डोळे ठरल्याप्रमाणे हलवून बरोबर उत्तर दिलं. सराव करून बघायला हरकत नाही, पण त्यासाठी रोज मध्यरात्री गजर लावून झोपेचं खोबरं करून घेऊ नका.

तेच ते भयंकर स्वप्न पुन्हापुन्हा पडतं. काय करावं?

अपघात, हल्ला, मोठं नुकसान यांनंतर स्वप्न वेश बदलायचं विसरतं. घडलेला प्रसंग जवळजवळ तसाच पुन्हा दिसतो, जणू आठवण इतर आठवणींत मिसळायला तयार नाही. यावर एक साधी पण खरोखर उपयोगी पडणारी पद्धत आहे. दिवसा, उजेडात, ते स्वप्न लिहायचं. मग त्यात हवा तो बदल करायचा, कुठलाही: बंद दार उघडतं, कुणीतरी मदतीला येतं, पाणी ओसरतं. आणि ही बदललेली गोष्ट रोज १० ते २० मिनिटं डोळे मिटून मनात चालवायची. बॅरी क्रॅकाव यांनी २००१ मध्ये लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांबरोबर या पद्धतीची पद्धतशीर चाचणी घेतली, तेव्हा दुःस्वप्नं कमी झाली आणि झोपही सुधारली. घाव खोल असेल तर हे एकट्याने करू नका, समुपदेशकाची सोबत घ्या.

दोन गोष्टींसाठी डॉक्टरांकडे जाच. नवं औषध सुरू झाल्यावर स्वप्नं भीषण झाली असतील, तर रक्तदाबाची आणि नैराश्यावरची काही औषधं असं करतात. मात्र स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आणि उतारवयात कुणी झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडू लागलं, ओरडू लागलं, शेजारी झोपलेल्याला लागू लागलं, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. रेम झोपेत शरीर लुळं राहायला हवं. ते राहत नसेल तर पार्किन्सनसारख्या आजाराची ती कित्येक वर्षं आधी आलेली खूण असू शकते.

स्वप्नांची वही ठेवायची असेल तर कशी ठेवावी?

जाग आली की लगेच हलू नका. कूस बदलली की अर्धं स्वप्न गेलं म्हणून समजा. डोळे मिटूनच शेवटचं दृश्य धरा आणि तिथून मागे मागे जा. मग वही. फोन घेऊ नका. पडदा उजळला की दिवस आत घुसतो.

पानावर मी तीन रकाने आखते: काय दिसलं, कसं वाटलं, कुठून आलं. पहिले दोन तिथल्या तिथे भरायचे, दुसरा तर पहिल्याच्याही आधी. तिसऱ्याला घाई नको. काही संध्याकाळी आठवतं, काही चारचौघांत बोलताना अचानक, काही आठवड्याने. ओढूनताणून जुळवलेलं आपल्यालाच कळतं, ते खोडून टाका.

घड्याळाच्या त्या स्वप्नातला तिसरा रकाना माझा जवळजवळ भरला. काउंटरवरची हिरव्या शाईची दौत तेवढी राहिली. शाळेत हिरवी शाई कुणी वापरत नसे, घरी तर नाहीच. बहिणीला विचारलं, तिलाही आठवत नाही. दौतीपुढची जागा मी कोरी ठेवली आहे.